पोपचा शब्द कधीपासून अंतिम?

8 मे 2025 ला लिओ चौदावे पोप म्हणून निवडून आले, तेव्हा बातम्यांत ‘जगभरातल्या ख्रिश्चनांचे सर्वोच्च धर्मगुरू’ हे बिरुद सर्रास वापरलं गेलं. नवापूर तालुक्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरी जाऊन ‘तुमचे नवे पोप आले, अभिनंदन’ म्हणालात, तर चहा नक्की मिळेल. पण ‘ते आमचे नव्हेत’ हेही बहुधा ऐकावं लागेल.

नंदुरबार जिल्ह्यातले बरेचसे ख्रिस्ती आदिवासी प्रोटेस्टंट परंपरेतले. फ्रेडरिक फ्रान्सन या धर्मप्रचारकाने 1890 मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. त्याचे मिशनरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात आले. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल त्याच परंपरेतलं. या मंडळ्यांत पाळक असतो, वडीलमंडळी असते, वादही असतात, पोप नसतो. जिल्ह्यात कॅथलिकही आहेत. ते 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात आणि त्यांचा बिशप पोपच नेमतो. जगाचा हिशेब केला तरी पोपला मानणारे ख्रिस्ती साधारण निम्मेच भरतात.

आता या दोन पंथांचे लोक बोलायला बसले की गाडी मत्तयाच्या सोळाव्या अध्यायावर येते. ख्रिस्ताने पेत्राला खडक म्हटलं आणि त्या खडकावर मंडळी उभारीन असं सांगितलं, ते ठिकाण. एक म्हणतो, पोपचं राज्य त्याच दिवशी सुरू झालं. दुसरा म्हणतो, छे, पोप हे कॉन्स्टंटाइन बादशहाने काढलेलं खूळ. इतिहासाच्या कागदांवर दोन्ही विधानं टिकत नाहीत. रोमच्या मंडळीला फार लवकर मान मिळाला होता. त्या मानातून हुकूम करण्याचा अधिकार निघतो का, यावर मात्र शतकानुशतकं भांडण चाललं, आणि भांडणारे सगळे एकाच चर्चमधले होते.

गैरसमज : पेत्र रोमच्या गादीवर बसला आणि पोपांची साखळी तिथून सुरू झाली

पेत्र आणि पौल दोघेही नीरोच्या काळात, म्हणजे इसवी सन 64 ते 67 च्या सुमारास रोममध्ये मारले गेले, ही परंपरा जुनी आहे आणि बहुतेक इतिहासकार ती मान्य करतात. प्रश्न गादीचा आहे. 96 च्या आसपास रोमहून ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला एक लांबलचक पत्र गेलं. करिंथकरांनी आपल्या वडिलांना पदावरून काढलं होतं. रोमने त्यांना चांगलंच सुनावलं. हे पत्र क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं, पण पत्रात त्याचं नाव कुठेच नाही. रोममधली मंडळी करिंथमधल्या मंडळीला लिहिते, एवढंच. साधारण 110 मध्ये अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला रोमला हौतात्म्यासाठी नेत होते. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. आशियातल्या मंडळ्यांना तो बजावतो की बिशपला धरून राहा. रोमच्या पत्रात तो त्या मंडळीचा गौरव करतो, पण तिथल्या बिशपचा साधा उल्लेखही करत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत रोमचा कारभार एका माणसाच्या नव्हे, वडिलांच्या मंडळाच्या हाती असावा, असं आज अनेक कॅथलिक अभ्यासकही म्हणतात.

गादीवरच्या माणसांची यादी पुरवतो तो लियोंचा बिशप इरेनिअस, 180 च्या सुमारास. पेत्र आणि पौल या दोघांनी मिळून लिनस याच्याकडे कारभार सोपवला, असं तो लिहितो. म्हणजे त्याच्या यादीत पहिलं नाव लिनसचं. यादी करण्यामागे त्याचा हेतू होता तो गुप्त ज्ञानाच्या नावाने भलतंच शिकवणाऱ्या पंथांना उत्तर देण्याचा: आमची शिकवण प्रेषितांपासून कुणाकडून कुणाकडे आली ते आम्ही नावानिशी दाखवतो, तुम्ही दाखवा. त्यासाठी त्याने रोमची मंडळी नमुन्याला निवडली, यावरून तिचं वजन कळतं. पण रोमने सगळ्यांवर हुकूम चालवावा, हा त्याचा मुद्दा नव्हता. पुढे त्यानेच रोमच्या बिशपला चार शब्द सुनावले.

गैरसमज : रोमने सांगितलं की सगळे मान तुकवत

प्रसंग ईस्टरच्या तारखेचा. आशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मंडळ्या हा सण यहुदी वल्हांडणाच्या तिथीला, निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळत. मग वार कुठलाही असो. रोम आणि इतर बऱ्याच ठिकाणी रविवारच हवा असे. 155 च्या सुमारास स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला आला, तेव्हा तिथल्या अनिसेटसशी याच विषयावर चर्चा झाली. कुणी कुणाचं ऐकलं नाही. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पच्या हातून करवला, आणि दोघे सलोख्याने वेगळे झाले.

चाळीसएक वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याला एवढा धीर नव्हता. त्याने आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडण्याची भाषा केली. इफिसचा पॉलिक्रेटस बधला नाही. आमच्याकडेही प्रेषितांच्या कबरी आहेत, असं त्याने ठणकावून कळवलं. इरेनिअसची स्वतःची पद्धत रविवारचीच होती, तरीही त्याने व्हिक्टरला पत्र लिहून अनिसेटसच्या वागण्याची आठवण करून दिली. आपल्याकडे भाऊबंदकीत थोरल्याला मान असतो, पण सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर नसतो. दुसऱ्या शतकातलं रोम साधारण असंच होतं. अर्थात, संबंध तोडण्याची धमकी आपण देऊ शकतो असं व्हिक्टरला वाटलं, ही गोष्टही नजरेआड करू नये.

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याचं प्रकरण याहून कडवं. फुटीर पंथात बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? रोमचा स्टीफन म्हणाला, नाही. सिप्रियन म्हणाला, द्यायचा. एरवी पेत्राच्या आसनाला एकीचं मूळ म्हणणारा हाच सिप्रियन. 1 सप्टेंबर 256 ला कार्थेजला 87 बिशप जमले आणि त्यांनी एकमुखाने रोमच्या विरोधात मत दिलं. मत्तयाचं ते खडकाचं वचन रोमच्या बिशपच्या अधिकारासाठी वापरल्याची आपल्याला माहीत असलेली पहिली नोंद याच स्टीफनची, म्हणजे पेत्राच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. इथे दुसऱ्या बाजूच्या वाचकाने फार खूश होऊ नये: बाप्तिस्म्याच्या प्रश्नात पश्चिमेकडे अखेर स्टीफनचंच मत टिकलं.

पण माझ्या मते या वादातलं सगळ्यात बोलकं प्रकरण एका सामान्य धर्मगुरूचं आहे. सिक्का हे गाव आजच्या ट्युनिशियात येतं. तिथल्या अपियारिअस नावाच्या धर्मगुरूला त्याच्या बिशपने गैरवर्तनाबद्दल बहिष्कृत केलं. तो 418 च्या सुमारास थेट रोमला दाद मागायला गेला, आणि पोप झोसिमस याने त्याची बाजू घेतली. आफ्रिकेतले बिशप बिथरले. समुद्रापलीकडचा माणूस आमच्या घरातला निवाडा कसा करतो? रोमच्या दूताने उत्तर दिलं की 325 च्या नायकियाच्या महासभेने रोमकडे अपील करण्याची मुभा दिलेली आहे, आणि नियम वाचून दाखवला. 419 मध्ये कार्थेजला सभा भरली, तिला विख्यात धर्मचिंतक ऑगस्टीनही हजर होता. सभेने आदळआपट केली नाही. नायकियाच्या ठरावांची अस्सल प्रत पाहू, असं म्हणून कॉन्स्टँटिनोपल आणि अलेक्झांड्रियाला माणसं पाठवली. नकला आल्या. त्यांत तो नियम नव्हताच! तो होता सार्डिका, म्हणजे आजच्या सोफियात 343 मध्ये भरलेल्या दुसऱ्याच सभेचा. रोमच्या दप्तरात दोन्ही सभांचे ठराव एकापुढे एक उतरवलेले होते, त्यामुळे घोटाळा झाला. जाणूनबुजून खोटेपणा केला असं म्हणायला आधार नाही. पुढे अपियारिअसने पुन्हा तोच उद्योग केला, पुन्हा रोमने त्याला उचलून धरलं, आणि यावेळी भर सभेत त्याने स्वतःच आपल्या भानगडी कबूल केल्या. आफ्रिकेच्या बिशपांनी मग पोप सेलेस्टाइनला कळवलं की यापुढे आमच्या माणसांची अपिलं घेऊ नका. एवढं होऊनही त्यांनी रोमशी नातं तोडलं नाही.

गैरसमज : पोप ही कॉन्स्टंटाइनची निर्मिती

हा समज आपल्याकडच्या प्रोटेस्टंट बैठकांतच नव्हे, शिकल्यासवरल्या निधर्मी मंडळींतही घट्ट आहे. नायकियाची महासभा 325 मध्ये बोलावली ती कॉन्स्टंटाइनने, आणि रोमचा बिशप सिल्व्हेस्टर तिला गेलाच नाही. त्याने दोन धर्मगुरू पाठवले. सभेच्या सहाव्या ठरावात अलेक्झांड्रिया, रोम आणि अंत्युखिया यांच्या जुन्या हक्कांचा उल्लेख आहे. सगळ्या जगावर रोमचा अंमल, असं त्यात काही नाही. कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिल्याचा दस्तऐवज पुढे बराच गाजला. तो आठव्या शतकाच्या सुमारास कुणीतरी बनवलेला होता, आणि लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने 1440 मध्ये त्यातल्या लॅटिनची चिरफाड करून ते उघडं पाडलं. उलट कॉन्स्टंटाइनने राजधानी पूर्वेला हलवली, आणि त्यामुळे रोमला एक प्रतिस्पर्धी तयार झाला.

ही स्पर्धा 451 च्या खाल्सेदोन महासभेत उघड झाली. पोप लिओ पहिले यांचं ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचं पत्र तिथे वाचलं गेलं, आणि पेत्रच लिओंच्या मुखाने बोलला असा जयघोष झाला. त्याच महासभेने अठ्ठाविसाव्या ठरावात कॉन्स्टँटिनोपलला रोमच्या बरोबरीचे हक्क दिले. कारण काय, तर ते नवं राजधानीचं शहर. लिओंनी हा ठराव मान्य करायला साफ नकार दिला. आज एक बाजू जयघोष सांगते, दुसरी ठराव सांगते. आजचे पोप ज्या नावाचे चौदावे, त्या नावाचा हा पहिला धनी. आणि पोपपदाचा सिद्धांत खऱ्या अर्थाने बांधला तो यांनीच. पूर्व-पश्चिम फुटीचं 1054 हे साल आणि पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला ते 1870, या दोन्ही गोष्टी फार पुढच्या.

गैरसमज : भारतात ख्रिस्ती धर्म आला तो पोपच्या किंवा गोऱ्या साहेबाच्या बोटाला धरून

महाराष्ट्राच्या वाचकाने इथे कान टवकारावेत. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की ‘कल्लियाना’ इथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमला जातो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे कल्लियाना म्हणजे आपलं ठाणे जिल्ह्यातलं कल्याण.

इराणहून का? कारण रोमन साम्राज्याच्या बाहेरही मोठं चर्च होतं. इराणचे सासानी बादशहा आणि रोमचे बादशहा यांचं हाडवैर. त्यामुळे इराणमधले ख्रिस्ती हे शत्रूचे हस्तक आहेत असा संशय घेतला जाई. शापूर दुसऱ्याच्या काळात 340 पासून त्यांचा भयंकर छळ झाला. 410 मध्ये या चर्चने सेल्युकिया-क्टेसिफोन इथे स्वतःची घडी बसवली, आणि 424 च्या सभेत ठरवलं की आपल्या प्रमुखाविरुद्ध पश्चिमेकडच्या धर्मपित्यांकडे दाद मागता येणार नाही. आफ्रिकेच्या बिशपांनी सेलेस्टाइनला लिहिलं, त्याच सुमारास. कल्याणचे ख्रिस्ती या इराणी चर्चचे होते. रोमच्या आज्ञेचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नव्हता.

रोमचे धर्मगुरू ठाण्याला पोचले ते 1321 मध्ये. चार फ्रान्सिस्कन तिथे मारले गेले, आणि तोवर त्यांना आसरा दिला होता तो याच पूर्वेकडच्या चर्चच्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांनी. त्यांचा सोबती जॉर्डनस याला 1329 मध्ये कोल्लमचा बिशप नेमलं गेलं. नेमणारे पोप जॉन बाविसावे त्या वेळी रोममध्ये नव्हे, फ्रान्समधल्या अविन्योंमध्ये राहत होते.

कल्याणला आज पुन्हा बिशप आहे. सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 मध्ये स्थापन केला. त्यांची उपासनापद्धती त्या जुन्या इराणी चर्चच्याच परंपरेतली आहे, आणि ते पोपला मानतात.