फोटोच्या आडोशाने

'स्वतःविषयी दोन शब्द सांगा,' असे कोणी म्हटले की भल्याभल्यांची पंचाईत होते. नाव, गाव, शिक्षण, नोकरी इथपर्यंत गाडी ठीक चालते. पुढे 'मला वाचनाची आवड आहे' असे एखादे वाक्य येते आणि माणूस खाली बसतो. शाळेत 'मी कोण होणार' या निबंधात अख्खा वर्ग डॉक्टर नाहीतर सैनिक होतो, तसाच हा प्रकार. खोटे कोणी बोलत नसते. पण सरळ प्रश्नाला तयार उत्तर देऊन मोकळे व्हायची आपल्याला सवय झालेली असते.

आता त्याच माणसापुढे तीस-चाळीस फोटो मांडा आणि म्हणा, 'यातला एक निवडा, आणि हाच का निवडला ते सांगा.' दोन वाक्यांत खाली बसणारा माणूस पाच मिनिटे बोलतो आणि पुष्कळदा आपणच काय बोललो याचे त्याला नवल वाटते. या साध्या युक्तीविषयी आज बोलायचे आहे. शिक्षक, प्रशिक्षक, समुपदेशक ती ठिकठिकाणी वापरतात. मी ती कवितेच्या शिबिरांत वापरतो.

ही युक्ती कोणा एकाच्या नावावर नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी १९३५ साली चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावण्याची एक मानसशास्त्रीय चाचणी मांडली. तिच्या १९४३च्या संचात एकतीस कार्डे होती आणि त्यातले एक चक्क कोरे होते. कोऱ्या कार्डावरूनही माणूस गोष्ट सांगतो, कारण गोष्ट कार्डात नसते, सांगणाऱ्यात असते. मात्र ही चाचणी तज्ज्ञाच्या हातातली. माणसाच्या मनात काय आहे ते तज्ज्ञाने ओळखायचे, असा तिचा हेतू.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी चित्रांचा उपयोग अगदी उलट अंगाने केला. १९६३ साली अँगिकोस या गावात त्यांनी सुमारे तीनशे मजुरांना साक्षर करण्याचे काम हाती घेतले. अक्षरे गिरवण्याआधी त्यांच्यापुढे चित्रे ठेवली जात. एका चित्रात कुदळ घेतलेला माणूस, विहीर, घर, झाड. प्रश्न साधा असे : यातले निसर्गाने काय केले आणि माणसाने काय? झाड निसर्गाचे. विहीर मात्र माणसाने खणली. म्हणजे माझ्यासारख्यानेच खणली. ज्याला जन्मभर 'तुला काही येत नाही' असे ऐकवले गेले, त्याला चित्रातल्या विहिरीकडे पाहता पाहता कळे की आपण या जगात काही घडवलेले आहे. १९६४ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरींना तुरुंगात टाकले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. चित्र दाखवून प्रश्न विचारणे ही काही निरुपद्रवी करमणूक नव्हे, हे त्या राज्यकर्त्यांनीही ओळखले होते म्हणायचे.

ही चित्रे हाताने काढलेली होती. छायाचित्रांचे सामर्थ्य जॉन कॉलियर यांच्या ध्यानात आले. लहानपणी झालेल्या अपघातामुळे त्यांना ऐकण्यात आणि शिकण्यात कायमची अडचण होती. असा माणूस डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवणार, हे ओघानेच आले. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वस्त्यांत लोकांच्या मुलाखती घेताना त्यांच्या चमूने काही मुलाखती नुसत्या प्रश्नांनी घेतल्या, काही फोटो पुढे ठेवून. १९५७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : फोटो पुढे असला की आठवण धारदार होते, बोलणे नेमके होते आणि माणूस लवकर कंटाळत नाही.

फ्रान्समध्ये लिआँ शहरात १९६५ साली काही मानसशास्त्रज्ञांनी बोलायला अडखळणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी काळ्यापांढऱ्या फोटोंचा संच वापरायला सुरुवात केली. या पद्धतीला 'फोटोलांगाज' म्हणतात. तिची रीत सरळ आहे आणि आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत ती जमण्यासारखी आहे.

पंधरा जण असतील तर चाळीस-पंचेचाळीस फोटो हवेत. पोस्टकार्डाएवढे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली मजकूर नसलेले. ते सतरंजीवर किंवा बाकांवर पसरून ठेवायचे. आधी प्रश्न सांगायचा. 'तुझा स्वभाव दाखवणारा फोटो निवड' हा प्रश्न फार अंगावर येतो. 'या वर्षी तू जे शिकलास, त्याच्या जवळ जाणारा फोटो कुठला?' असे विचारले तर पाऊल टाकायला जागा मिळते. मग सर्वांनी न बोलता फिरून पाहायचे. निवड डोळ्यांनी करायची, हात लावायचा नाही. सगळ्यांची निवड झाल्यावरच फोटो उचलायचे. एकच फोटो दोघांना हवा असेल तर दोघांनी तो आळीपाळीने घेऊन बोलायचे. शिबिर घेणाऱ्यानेही एक फोटो निवडून आपली पाळी घ्यायची. तो परीक्षक होऊन खुर्चीत बसला की सारे मुसळ केरात.

यात ती गप्प राहण्याची पाच मिनिटे सर्वांत मोलाची. त्या वेळात निवड होते आणि शब्द मागाहून येतात. एरवी आपण आधी वाक्य जुळवतो, मग त्याला शोभेल असा अनुभव शोधतो. इथे क्रम उलटा होतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या एका वसतिगृहात मी शिबिराला गेलो होतो. 'माझ्याविषयी दहा ओळी' असे लिहायला दिले, तर तीस वह्यांत जवळजवळ तेच. दुपारी फोटो मांडले. एका मुलाने कुलूप लावलेल्या दाराचा फोटो घेतला. म्हणाला, 'हे आमचं घर. दिवाळी झाली की असंच असतं.' दिवाळीनंतर आई-बाप टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि पोरे वसतिगृहात राहतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. तरी सकाळच्या दहा ओळींत एकानेही ते लिहिले नव्हते. मी विचारले, 'आणखी काय दिसतं?' तो बराच वेळ पाहत राहिला. 'कुलूप नवीन आहे. म्हणजे ते परत येणारेत.'

मग एका मुलीने तोच फोटो मागून घेतला. ती म्हणाली, 'आत एक मुलगी अभ्यास करतीय. तिनंच बाहेरून कुलूप लावायला सांगितलंय, म्हणजे कुणी कामाला हाक मारणार नाही.' दार एक, कुलूप एक. एकाच्या लेखी ते घर सुटल्याची खूण, दुसरीच्या लेखी घरात मिळू न शकलेली सवड. फोटोचा खरा अर्थ कोणता, असे विचारणाऱ्याला इथे उत्तर मिळणार नाही.

फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांनी १९८०च्या 'कॅमेरा ल्युसिडा' या पुस्तकात हा भेद उलगडून दाखवला आहे. फोटोत एक भाग असा असतो की जो कोणाही जाणत्या माणसाला कळतो : काळ, ठिकाण, पोशाख. आणि एखादा बारकावा असा असतो की तो एकट्या मलाच टोचतो. आपल्या आईच्या बालपणीच्या एका फोटोविषयी बार्थ यांनी पानेच्या पाने लिहिली, पण तो फोटो पुस्तकात छापला नाही. इतरांच्या दृष्टीने ती कुठलीशी मुलगी ठरली असती. शिबिरात आपण शोधतो तो हा टोचणारा बारकावा. नवीन कुलूप हा त्या मुलाचा बारकावा होता.

आता 'कोचिंग'विषयी. हा शब्द ऐकला की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. पण कंपन्यांत आणि संस्थांत हल्ली त्याचा दुसरा अर्थ रूढ आहे : सल्ला न देता, प्रश्न विचारत माणसाला त्याचा मार्ग शोधू देणे. तिथेही फोटो उपयोगी पडतात. शिक्षकांच्या एका शिबिरात एका मुख्याध्यापकांनी खच्चून भरलेल्या एसटीतल्या कंडक्टरचा फोटो घेतला. म्हणाले, 'मी सगळ्यांना तिकिटं देतो, पण गाडी कुठं न्यायची ते माझ्या हातात नाही.' सगळे हसले. मी विचारले, 'फोटोत ड्रायव्हर दिसत नाही. तो कुठं असेल?' ते थांबले. मग म्हणाले, 'गाडीतच आहे. मीच सहा महिने पुढं जाऊन त्याच्याशी बोललो नाही.' संस्थाचालकांना भेटण्याचा निर्णय त्यांनी तिथेच घेतला. 'तुम्ही वरिष्ठांशी बोला' असा सल्ला मी दिला असता, तर तो न पटण्याची दहा कारणे त्यांच्याकडे तयार होती.

असे का घडते? माझ्या मते फोटो हा एक आडोसा असतो. समोरासमोर बसून कोणी आपल्या डोळ्यांत पाहत प्रश्न विचारला की आपण सावध होतो. मध्ये फोटो असला की दोघांची नजर फोटोवर असते. 'मला भीती वाटते' म्हणणे जड जाते. 'या मुलाला भीती वाटत असावी' म्हणणे सोपे. कवितेतही आम्ही हेच करतो. पाऊस, पिंपळ, पाखरू पुढे करतो आणि मागून आपले बोलतो.

म्हणूनच तो आडोसा कोणी ओढून काढू नये. कुलपाचा फोटो घेतलेल्या मुलाला 'म्हणजे तुला एकटं वाटतं, नाही का?' असे विचारणे सोपे होते. पण मग त्याच्या कुलपावर किल्ली माझी लागली असती. विचारायचे ते फोटोविषयी : आधी नजर कशावर गेली? या फोटोत तू कुठे उभा असतास? चौकटीच्या बाहेर काय असेल? अर्थ ज्याचा त्याने लावायचा. आणि ज्याला बोलायचे नाही, त्याला नुसता फोटो दाखवून खाली बसण्याची मुभा हवी.

कधी एखादे मूल घरातल्या मारहाणीविषयी किंवा त्याहून गंभीर काही बोलून जाते. तिथे सर्वांदेखत खोदून विचारू नये. कार्यक्रम शांतपणे पुढे न्यावा, नंतर त्या मुलाशी एकट्याने बोलावे आणि जबाबदार माणसाची किंवा १०९८ या बालकांसाठीच्या मदतवाहिनीची मदत घ्यावी. फोटो दार उघडतो, पण उपचार करत नाही.

संच करताना पुढारी, नट-नट्या, देवदेवता आणि जाहिराती टाळाव्यात. त्यांच्याविषयी प्रत्येकाचे मत आधीच ठरलेले असते. जुनी कॅलेंडरे, रविवारच्या पुरवण्या, शेतीची मासिके यांतून साधे फोटो कापावेत : पायवाट, शिडी, रिकामा झोपाळा, कामात गुंतलेले हात. चेहरे नसलेले फोटो भरपूर असावेत. तसबीर हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला; मुळात त्याचा अर्थ रूप देणे. आमच्या घरी मात्र भिंतीवर माणसांच्या तसबिरी नव्हत्या. जिथे नमाज पढायचा तिथे समोर चेहरा नको, असा अम्मीचा दंडक. तिच्या लोखंडी पेटीच्या तळाशी फोटोंचे एक पाकीट होते, ते ईदच्या आधी आवराआवर करताना उघडले जाई. अशा घरातून आलेल्या मुलाला चेहऱ्याचा फोटो उचलताना अवघडल्यासारखे होऊ शकते. त्याच्यासाठी दार, झाड, घागर असली की काम भागते.

या पद्धतीची पुढची पायरी म्हणजे कॅमेराच हातात देणे. अमेरिकन छायाचित्रकार वेंडी ईवाल्ड यांनी १९८९-९०मध्ये गुजरातेतल्या विछिया गावातल्या मुलांना फोटो काढायला शिकवले. ते काम १९९६ साली पुस्तकरूपाने आले. चीनच्या युन्नान प्रांतात १९९२ साली कॅरोलाइन वाँग आणि मेरी ॲन बरिस यांच्या प्रकल्पात बासष्ट ग्रामीण बायांना कॅमेरे दिले गेले. त्यांनी आपले रोजचे जगणे टिपले, एकत्र बसून त्यावर चर्चा केली आणि ते फोटो अधिकाऱ्यांपुढे ठेवले. पुढे पाळणाघरे, सुईणींचे प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्त्या यांना त्यातून चालना मिळाली. आपले दुःख आधी आपल्याला दिसले, मग ते दुसऱ्याला दाखवता आले.

आज कॅमेरा कोणी द्यायची गरज नाही. तो बहुतेकांच्या खिशात आहे. फोटो काढतो, पाठवतो, विसरतो. थांबून पाहणे तेवढे राहून गेले. म्हणून घरातल्या मुलाला 'अभ्यास कसा चाललाय?' असे विचारण्याऐवजी एखाद्या संध्याकाळी म्हणून पाहा : 'तुझ्या मोबाइलमधला या महिन्यातला एक फोटो दाखव, आणि हाच का ते सांग.' दाखवणाऱ्याची परवानगी असल्याशिवाय तो फोटो पुढे कुणाला पाठवू नका. तो काय सांगतो ते ऐका. मध्ये बोलू नका, अर्थ लावू नका. मग तुमचाही एक फोटो त्याला दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)