सात गोल आणि एक नाव

१ डिसेंबर १९८२. वर्ध्यात जिनिंगकडे कापसाच्या बंड्यांची रांग लागायची, ते दिवस. स्टेशनच्या रस्त्यावर एका पानठेल्यावर मर्फीचा जुना रेडिओ होता आणि त्याच्याभोवती आम्ही वीस-पंचवीस जण उभे होतो. दिल्लीत आशियाई खेळांतली हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान. पहिला गोल भारताचा झाला. रांगेतल्या एका शेतकऱ्यानं बंडीवरूनच ‘कोणाचा?’ म्हणून विचारलं आणि ‘आपला’ म्हटल्यावर कासरा मांडीवर टाकून टाळ्या वाजवल्या. मग पाकिस्तानचे गोल सुरू झाले. एक, दोन, तीन. चौथ्यानंतर पानठेलेवाल्यानं आवाज बारीक केला. सातवा झाला तेव्हा ऐकायला सहा-सात जणच उरले होते. त्यातला एक जण सुपारी कातरता कातरता म्हणाला, ‘गोली विकला गेला, दुसरं काय.’

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तेच वाक्य मी माझं म्हणून सांगितलं. कोणी पुरावा विचारला नाही, मीही कोणाला विचारला नव्हता. बेचाळीस वर्षांच्या हॉकीकडे मागे वळून पाहायला बसलो की मला आधी ते वाक्य आठवतं. कारण असं वाक्य एका पानठेल्यावर बोललं गेलं नव्हतं. त्या रात्री देशभर ते बोललं जात होतं आणि ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो गोलरक्षक, मीररंजन नेगी, ते ऐकत होता.

आज तो सामना शांतपणे पाहिला तर काय दिसतं? समोरचा संघ जगज्जेता होता. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत झालेला विश्वचषक पाकिस्ताननं जिंकला होता. हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान अशी त्यांची आघाडीची फळी. तिला अडवणं तेव्हा जगातल्या कुठल्याच बचावफळीला जड गेलं असतं. बरोबरीसाठी आपले खेळाडू पुढे धावत सुटले, मागे मैदान मोकळं पडलं आणि त्या मोकळ्या मैदानात गोलरक्षक एकटा उभा राहिला. हॉकीत चेंडू आधी दहा जणांना चकवून येतो, मगच गोलीपर्यंत पोचतो. पण लोकांच्या लक्षात शेवटचाच माणूस राहतो. सात गोलांना अकरा जण जबाबदार असतात हे समजायला खेळ कळावा लागतो. एकाचं नाव घ्यायला काहीच लागत नाही.

नेगीवर पाकिस्तानकडून पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. देशद्रोही म्हणून हिणवलं गेलं. भारताच्या संघात तो पुन्हा दिसला नाही. मुंबईत कस्टम्सची नोकरी करत राहिला. ज्या माणसाला आपण संपवलं, त्याला रोज सकाळी डबा घेऊन कामावर जावं लागतं, तिथेही लोक ओळखतात, लग्नाकार्यात कुजबुजतात, याचा विचार माझ्या मनात कितीतरी वर्षं आला नाही. मला वाटतं, आमच्यापैकी कोणाच्याच आला नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी आमच्या पानठेल्यावर कोणी बोललं नव्हतं. त्याच आशियाई खेळांत महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती पुण्याची एलायझा नेल्सन. आपल्या महाराष्ट्राची मुलगी सोनं जिंकून आली आणि आम्ही सात गोल मोजत बसलो होतो. हरल्यावर शिवी आणि जिंकल्यावर शांतता, हे दोन्ही खेळाडूला सोसावं लागतं. शिवीची निदान चर्चा तरी होते.

हॉकीवाल्यांवरच हे ओझं इतकं का, असं अनेकदा मनात येतं. १९२८ पासून १९८० पर्यंत ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं, १९७५ चा विश्वचषक, ध्यानचंदांच्या गोष्टी. ही पुण्याई पुढच्या पिढ्यांच्या खात्यावर कर्ज म्हणून चढली. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून खेळ कृत्रिम गवतावर गेला, चेंडूचा वेग वाढला, दमसासाची गरज वाढली. आपली पोरं मात्र मुरमाच्या मैदानावर घडत राहिली. विदर्भातल्या शाळांच्या पटांगणांत चेंडू खड्यावर उडून कुठेही जायचा, आणि तिथून निघालेल्या मुलाकडून आम्ही ध्यानचंदच मागायचो.

त्या मुरमातूनच एक धनराज पिल्ले निघाला. पुण्याजवळच्या खडकीतला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. मोडलेल्या स्टिकला दोरी गुंडाळून भाऊ-भाऊ खेळायचे. मोठा भाऊ रमेश आधी मुंबईत खेळायला गेला, मागून धनराज. १९८९ मध्ये तो भारताकडून खेळला आणि मग पंधरा वर्षं थांबला नाही. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. केस मोकळे सोडून तो उजव्या बगलेनं सुटला की टीव्हीसमोर बसलेला माणूस उठून उभा राहायचा. आमच्या घरी माझे वडील उभे राहायचे. त्यांना हॉकीतलं फारसं कळत नसे, पण धनराज कळायचा.

त्याच्याबद्दल एक शब्द ठरून गेला होता, ‘तापट’. पंचांशी वाद, संघटनेवर उघड टीका, हरल्यावर डोळ्यांत पाणी. हा तापटपणा त्याच्या स्वभावाचा दोष म्हणून लिहिला जायचा. मला आता तो वेगळा दिसतो. ज्या घरात स्टिक विकत घेणं परवडत नव्हतं, तिथून आलेल्या माणसाला एकेक सामना म्हणजे काय असेल? हरणं म्हणजे परत मागे ढकललं जाणं. आणि मनातलं बोलायला जागा नव्हती. तेव्हा संघाबरोबर मनाचा डॉक्टर नसायचा. मनात काही चाललंय म्हणणं म्हणजे कच्चेपणा. खेळाडू एक तर गप्प बसायचा, नाही तर भडकायचा. धनराज भडकायचा, आणि आम्ही त्याला नावं ठेवायचो.

१९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत धनराज कर्णधार होता. फायनलला दक्षिण कोरिया, सामना टायब्रेकरवर गेला, गोलात आशिष बल्लाळ. भारत जिंकला. आशियाई खेळांतलं हॉकीचं सोनं बत्तीस वर्षांनी आलं. त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करायला प्रशिक्षकांच्या ताफ्यात एक माणूस होता, मीररंजन नेगी. सोळा वर्षांपूर्वी ज्याला गोलातून हाकललं, त्यानंच दुसऱ्याला गोलात उभं राहायला शिकवलं. ही बातमी तेव्हा वर्ध्यात किती जणांच्या लक्षात आली, देव जाणे. माझ्या तर आली नाही. पुढे २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुलींनी सोनं जिंकलं, तेव्हाही नेगी गोलरक्षक प्रशिक्षक म्हणून बरोबर होता. २००७ साली ‘चक दे इंडिया’ हा चित्रपट आला, नेगीची गोष्ट घराघरांत पोचली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्या थोडंच आधी त्याचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. आयुष्य असं दोन्ही हातांनी देत-घेत असतं तेव्हा माणूस कसा तगत असेल?

बँकॉकच्या सुवर्णपदकानंतर काय झालं, ते सांगायला मला आजही जड जातं. विजेत्या संघातले धनराजसह काही जण संघाबाहेर बसवले गेले. कारण सांगितलं विश्रांतीचं. खेळाडूंनी मानधनाचा, बक्षिसाचा विषय काढला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिंकलं तरी पायाखालची जमीन सरकते, हा धडा तेव्हाच्या प्रत्येक तरुण खेळाडूनं पाहिला. दोन वर्षांनी सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध जिंकलो असतो तर उपांत्य फेरी होती. एका गोलानं पुढे होतो. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडनं बरोबरी केली. तिथे धनराज मोडून पडला. मी त्या वेळी तिशीच्या पुढे होतो, घरी लहान मुलगी होती, आणि पहिल्यांदाच पराभवानंतर मला राग न येता पोटात कालवल्यासारखं झालं.

२००८ साली चिलीत ग्रेट ब्रिटनकडून हरून भारत ऑलिंपिकलाच मुकला. १९२८ नंतर पहिल्यांदा. प्रशिक्षक होता मुंबईचा जोकिम कार्व्हालो. त्यानं पद सोडलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांत पुण्याच्या बालेवाडीत दोन गोष्टी घडल्या. जुलै २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय शिबिरात गोलरक्षक बलजीत सिंग सराव करत होता. नजर तेज व्हावी म्हणून गोल्फच्या लहान, कडक चेंडूंनी सराव चालला होता. एक चेंडू उसळून त्याच्या डोळ्यावर बसला. ऐन भरातला गोलरक्षक. डोळा गेला की धंदाच गेला. काही दिवस बातम्या आल्या आणि मग आपण सगळे त्याला विसरलो. जानेवारी २०१० मध्ये त्याच बालेवाडीत राष्ट्रीय संघानं थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला. दिल्लीतला विश्वचषक दीड महिन्यावर आला होता. ‘देश मोठा की पैसा?’ हा प्रश्न लगेच उभा राहिला. पुष्कळांनी खेळाडूंची बाजू घेतली हेही खरं, आणि त्याचं मला समाधान आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. फेब्रुवारी संपताना त्याच संघानं विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात पाकिस्तानला ४-१ नं हरवलं आणि मग पैशांचं कोणी बोलेना.

२०११ च्या सप्टेंबरात चीनमधल्या ओर्दोसला आशियाई चॅम्पियन्स करंडकाची फायनल झाली. पुन्हा पाकिस्तान, पुन्हा टायब्रेकर, आणि निर्णायक गोल मुंबईच्या युवराज वाल्मीकीचा. मरीन लाइन्सच्या एका खोलीत राहणारं त्याचं कुटुंब. घरात वीज नव्हती. विजयानंतर कॅमेरे तिथे पोचले तेव्हा देशाला ते कळलं. त्याच विजेत्या संघाला संघटनेनं माणशी पंचवीस हजार रुपये जाहीर केले आणि खेळाडूंनी ते नाकारले. मला इथे रकमेपेक्षा ती खोली महत्त्वाची वाटते. फायनलचा पेनल्टी घ्यायला उभं राहताना खेळाडूच्या डोक्यात फक्त गोलपोस्ट असते, असं आपण धरून चालतो. त्याच्या डोक्यात घरचा अंधारही असतो. आईचं दुखणं असतं, बहिणीचं लग्न असतं, रेल्वेत किंवा एखाद्या कंपनीत चिकटण्याची आशा असते, कारण हॉकीत म्हातारपण तिशीला येतं आणि पुढची तीस वर्षं काढायची असतात.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, हरल्यावर एकालाच धरण्याची ती जुनी सवय नव्या रूपात दिसली. ४ ऑगस्टला मुलींचा संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. वंदना कटारियानं चार दिवस आधीच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले आणि घरच्यांना जातीवरून शिव्या दिल्या. दोन दिवसांनी तिला कांस्यपदकाचा सामना खेळायचा होता, आणि ती खेळली. त्या सामन्यातही तिनं गोल केला. संघ ४-३ नं हरला. बातमी वाचली त्या सकाळी मला आमचा पानठेला आठवला. आम्ही फटाके वाजवले नव्हते. पण ‘विकला गेला’ म्हणणारे आम्ही त्या लोकांपासून फार लांब उभे होतो, असं मला म्हणवत नाही.

बदललंही बरंच काही. २०२३ च्या जानेवारीत घरच्याच विश्वचषकात पुरुषांचा संघ न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरला. त्यानंतर नवा प्रशिक्षक आला, आणि पॅडी अप्टन हा मनाची तयारी करून घेणारा माणूस संघाबरोबर जोडला गेला. म्हणजे खेळाडूच्या मनाला काही होतं, हे आता कागदावर मान्य आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक आलं. शेवटच्या सामन्यानंतर गोलरक्षक श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला. त्याच लोखंडी चौकटीखाली नेगी सात वेळा चेंडू उचलायला वाकला होता. मुलींच्या वाट्याला मात्र पॅरिस आलं नाही; त्याच वर्षी जानेवारीत रांचीत जपाननं एका गोलानं त्यांची वाट अडवली. फलटणकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या शेतकऱ्यांच्या मुली गेल्या काही वर्षांत भारताच्या संघापर्यंत पोचल्या आहेत. त्यांच्या गावात सामन्याच्या रात्री कोण काय बोलतं, याची मला काळजी वाटते.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात शाळांचे हॉकी सामने होते, म्हणून गेलो. मुलींचा सामना. एका शाळेची गोली तेरा-चौदा वर्षांची, पॅड तिच्या गुडघ्यांच्या वर येत होते, एका पॅडचा पट्टा तुटलेला म्हणून नाड्यानं बांधला होता. पाच गोल झाले. शेवटचा झाला तेव्हा कडेला उभ्या पोट्ट्यांपैकी एक ओरडला, ‘ए, झाडू घे हातात!’ सगळे हसले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्यापेक्षा पन्नासेक वर्षांनी लहान होता. काय बोलावं ते सुचेना. जवळ गेलो आणि विचारलं, ‘तू खेळतोस का बेटा?’ त्यानं मान हलवून नाही म्हटलं. मग तो जरा बाजूला सरकला आणि पुढे काही ओरडला नाही.

सामना संपल्यावर त्या मुलीचे वडील आले. सायकलच्या मागे पॅड बांधले, हेल्मेट हँडलला अडकवलं. ती मान खाली घालून चालत होती. त्यांनी काही विचारलं नाही, किती झाले, कसे झाले. फाटकाबाहेरच्या ठेल्यावर सायकल उभी केली आणि दोन चहा, एक आलूबोंडा सांगितला. मी मागेच उभा होतो. तिनं आधी आलूबोंड्याचा अर्धा तुकडा त्यांच्या हातात दिला, मग हातमोजे काढले.