सारखी छाप, निराळा माल

मृग नक्षत्र जवळ आले की बियाण्यांच्या दुकानांत गर्दी होते. पुष्कळ शेतकरी पिशवी मागतात ती छापेवरून: “गेल्या साली नेली, ती बैलजोडीची द्या.” चित्र तेच, रंग तोच, म्हणून पिशवी घरी येते. नावात एका अक्षराचा फरक असल्यास तो ध्यानात येईपर्यंत पेरणी उरकलेली असते.

माल कोणी तयार केला हे ज्या नावावरून वा चित्रावरून कळते, त्यास व्यापारचिन्ह म्हणतात. १९९९ च्या अधिनियमान्वये त्याची नोंदणी १० वर्षांसाठी होते व ती पुनःपुन्हा वाढविता येते. वस्तूचा आकार व नक्षी यांस २००० च्या डिझाइन अधिनियमाखाली प्रथम १० व पुढे ५ वर्षे संरक्षण मिळते. ते केवळ बाह्य रूपास असते, गुणास नव्हे.

दोन छापा सारख्या आहेत किंवा नाहीत, हे न्यायालय कसे ठरविते? मुंबईच्या पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघर, गाई, कोंबड्या आणि मध्यभागी पाण्याची बादली नेणारी मुलगी असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टनावरही शेतघर, गाई व कोंबड्या होत्या. मात्र मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा व हातात विळा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली पार्लेच्या बाजूने निर्णय दिला. दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजावयाचे नसतात. एक पाहिल्यावर काही दिवसांनी दुसरे समोर आले तर साधा गिऱ्हाईक फसेल काय, एवढेच पाहावयाचे असते. गिऱ्हाइकाजवळ गुप्तहेराची नजर नसते, हे न्यायालयाने मान्य केले. १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादातही शहरी व खेडूत, साक्षर व निरक्षर अशा सर्व गिऱ्हाइकांचा विचार करून ही नावे फसगत होण्याइतकी सारखी असल्याचे न्यायालयाने ठरविले.

तथापि, असे दावे कंपन्यांमध्ये चालतात. निकाल लागून नक्कल बंद झाली तरी शेतकऱ्याचा बुडालेला हंगाम परत येत नाही. शिवाय अस्सल छाप मालाचा धनी सांगते. बियाणे उगवेलच, अशी हमी ती देत नाही. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात:

१. चित्रावर न जाता वाणाचे व उत्पादकाचे पूर्ण नाव वाचावे. वाचता येत नसल्यास ग्रामसेवकाकडून किंवा घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

२. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते. तीवरील लॉट क्रमांक, उगवणशक्ती व वैध मुदत पाहावी.

३. पावती घ्यावीच, तीवर वाण व लॉट क्रमांक लिहवून घ्यावा.

४. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे शिवण व चिठ्ठी शाबूत राहते. पिशवी, चिठ्ठी, पावती व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे.

उगवण न झाल्यास तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे त्वरित लेखी तक्रार करावी. तेथे हाच पुरावा कामास येतो. गिऱ्हाइकाची नजर चुकते हे न्यायालय जाणते. नक्कल करणाराही जाणतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी पिशवी उलटून वाचावी.