लोखंड कमी, मजबुती तीच: शेडच्या डिझाइनमध्ये कॉम्प्युटर नेमकं काय करतो?

जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं. त्यामुळे फॅब्रिकेशनचा धंदा सुरू करू बघणारे आपल्याकडे भरपूर. या धंद्यात कोटेशन किलोवर चालतं. लोखंड जास्त लावलं तर ऑर्डर जाते. अंदाजाने कमी केलं तर वादळात शेड जाते. यावरचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे स्ट्रक्चरल ऑप्टिमायझेशन.

आधी एक पट्टी घ्या
५० बाय १० मिमीची पट्टी आडवी ठेवून वाकवा, मग उभी धरून वाकवा. वजन तेच, मीटरला साधारण ३.९ किलो. पण उभी पट्टी २५ पट कडक! कारण कडकपणा ठरतो रुंदी गुणिले उंचीच्या घनावर. म्हणजे किलो किती यापेक्षा लोखंड कुठे आहे, हे महत्त्वाचं.

तीन पायऱ्या
१. साइज: पाइप किती जाडीचा?
२. शेप: ट्रसची उंची, उतार किती?
३. टोपोलॉजी: मेंबर कुठे हवा, कुठे नकोच?

तिसऱ्या पायरीची कॉम्प्युटर पद्धत बेंडसो आणि किकुची यांनी १९८८ मध्ये मांडली. कॉम्प्युटर जागेचे हजारो बारीक तुकडे करतो, प्रत्येकावर किती ताण येतो ते काढतो आणि कामचुकार तुकडे हळूहळू कमी करतो. उरतो तो भार वाहणारा सांगाडा.

पैशाचं गणित
समजा, शेडला २,००० किलो लोखंड लागतं आणि भाव ६० रुपये धरला. १२ टक्के वाचले तर २४० किलो, म्हणजे १४,४०० रुपये. त्यातून इंजिनिअरची फी द्या, उरलेल्यात रेट कमी करा. फक्त मजुरी किलोवर घेऊ नका, नाहीतर लोखंड वाचवून तुमचंच उत्पन्न घटेल. पूर्ण कामाचा रेट द्या.

सावधान!
तुम्ही जो भार टाकला नाही, तो कॉम्प्युटरला दिसत नाही. वारा पत्र्याला खाली दाबतो तसाच वरही उचलतो. म्हणून वाऱ्यासाठी आयएस ८७५ भाग ३ आणि स्टीलसाठी आयएस ८०० प्रमाणे तपासणी हवीच, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. शिवाय वेगवेगळ्या साइजचे वीस तुकडे सुचवले, तर कटिंग आणि वेस्टेज सगळी बचत खाऊन टाकेल. बाजारात मिळणाऱ्या साइजच निवडा.

शिकायला फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहे. आधी एक साधा ब्रॅकेट करून बघा. प्रश्न असतील तर व्हिडिओखाली नक्की विचारा!