तांदळाचा दाणा, कॅमेरा आणि केबल

छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखले जाते. राजधानी रायपूर आणि तिल्दा-नेवरा, भाटापारा, धमतरी या परिसरात अनेक राइस मिल आहेत. तयार तांदळात काळे वा डागी दाणे अधिक राहिले, तर बाजारात भाव घसरतो आणि भारतीय अन्न महामंडळाच्या निकषांतही माल बसत नाही. पूर्वी असे दाणे हातांनी वेचले जात. आता हे काम कॅमेरा असलेले निवडयंत्र करते. मिलमध्ये त्याला सरसकट ‘सॉर्टेक्स’ म्हणतात.

या यंत्रात दाणे पन्हळीवरून घसरत प्रखर प्रकाशात खाली पडतात. कॅमेरा त्यांची प्रतिमा टिपतो, यंत्रातील संगणकीय भाग डागी दाणा ओळखतो आणि हवेचा झोत तो बाजूला उडवतो. दाणा सेकंदाला ३ मीटर वेगाने पडतो असे धरले, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा दाणा, पुढे सरकतो. माहिती ठरलेल्या क्षणी पोहोचली नाही, तर चांगला दाणा उडतो आणि डागी दाणा पोत्यात जातो. म्हणूनच कॅमेऱ्याइतकेच महत्त्व माहिती वाहून नेणाऱ्या जोडणीला आहे.

संगणकाला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. १२८० बाय १०२४ बिंदूंची कृष्णधवल प्रतिमा सुमारे साडेदहा मेगाबिटची असते. सेकंदाला ३० प्रतिमा घेतल्यास सुमारे ३१५ मेगाबिट होतात. १९९८ मधील यूएसबी १.१ ची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट होती; तिच्यातून सेकंदाला जेमतेम एक प्रतिमा गेली असती. १९९५ मध्ये प्रमाणित झालेल्या फायरवायरने ४०० आणि २००० मधील यूएसबी २.० ने ४८० मेगाबिटची गती दिली. प्रत्यक्षात मिळणारी गती मात्र याहून कमी असते.

तांदळाच्या बाबतीत रंगही महत्त्वाचा. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. एका वाणाचा नैसर्गिक तांबूस रंग दुसऱ्या वाणात दोष ठरतो. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशी तीन मूल्ये पाठवायची, तर माहिती तिप्पट, म्हणजे सुमारे ९४५ मेगाबिट होते. तिला २००८ मधील ५,००० मेगाबिट गतीची यूएसबी ३.० जोडणी सहज पेलते. गिगाबिट इथरनेटची कमाल गती १,००० मेगाबिट असल्याने ती येथे अपुरी पडू शकते. मात्र तिची केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. यूएसबीची केबल सामान्यतः काही मीटरचीच असते.

अर्थात, सर्वांत वेगवान जोडणी प्रत्येकाला लागतेच असे नाही. तबकात स्थिर ठेवलेल्या नमुन्याच्या तपासणीस साधी जोडणी पुरते. वेग लागतो तो हलत्या मालासाठी. यंत्रासाठी कर्ज घेणाऱ्या उद्योजकाने कोटेशन स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सेकंदाला किती प्रतिमा, किती लांब केबल आणि एकाच जोडणीवर किती कॅमेरे? कॅमेरे वाढले की तीच गती त्यांच्यात विभागली जाते. केवळ मेगापिक्सेलचा आकडा पाहून घेतलेल्या यंत्राचा हप्ता मात्र पूर्णच भरावा लागतो.