सिझर झालेली लेक कधी उठवायची?

घाटीच्या बाळंतीण वॉर्डात हे रोज ऐकू येतं. सिस्टर म्हणतात, "चला, दोन पावलं टाका." आणि पायथ्याशी बसलेल्या आईच्या पोटात धस्स होतं. "अहो, पोट फाडलंय तिचं! टाके तुटले तर?"

ही भीती मायेपोटीच असते. पण सिझरमध्ये पिशवी, पडदे, कातडी असे थर वेगवेगळे शिवतात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. हळू चालल्यानं टाके उसवत नाहीत. ताण येतो तो झटक्यानं उठल्यानं, हंडा उचलल्यानं, कुंथल्यानं.

खरा धोका पडून राहण्यात आहे. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून गरोदरपणातच बाईचं रक्त लवकर गोठायला लागतं. पोटरी म्हणजे पायातला हापसा. तो हालला नाही तर रक्त तिथंच साचतं, गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. सगळ्यांनाच असं होत नाही, पण सिझरवालीला धोका जास्त, आणि तो सहा आठवडे तरी राहतो.

कमरेतल्या सुईची भूल उतरली की पडल्या पडल्या घोटे हलवायचे. साधारण सहा ते बारा तासांनी, सिस्टरांनी हो म्हटल्यावर, गुडघे दुमडून कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन बसायचं. लगेच उभं राहू नका. चक्कर येत नाही ना, बघा. मग कुणाचा तरी आधार घ्या. पहिल्यांदा संडासलाही एकटीनं जायचं नाही. खोकला आला तर टाक्यांवर घडी केलेलं लुगडं दाबून धरा. दुखत असेल तर गोळी मागा, सोसत बसू नका. चालल्यानं वारं सरतं, पोटाची फुगारी उतरते. बीपी वाढलेलं असेल किंवा रक्त जास्त गेलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच उठायचं.

घरी सव्वा महिन्याची रीत पाळा, कामातून तेवढीच सुटका! पण दिवसभर बाजेवर नको. घरात, अंगणात फिरा. बाळापेक्षा जड काही उचलू नका.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, तासाभरात पॅड भिजलं, तर 108 ला फोन करा. ताप आला किंवा टाक्यांतून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि सुजलेली पोटरी चोळायची नाही, गुठळी सुटू शकते. मालिशवाल्या मावशींनाही हे आधीच सांगून ठेवा.