उचकी, शिंक आणि चंद्रावरचा ससा

साताऱ्या-सांगलीकडील मुले ‘डोरेमॉन’सारखी जपानी चलच्चित्रे आवडीने पाहतात, परंतु त्यांतील कित्येक गोष्टींचा अर्थ त्यांस उमगत नाही.

एखादे पात्र उगाच शिंकते, ते का? पाठीमागे कोणी आपल्याविषयी बोलले की शिंक येते, अशी जपानी लोकसमजूत आहे. आठवण काढली म्हणजे लागणाऱ्या आपल्या उचकीचीच ती बहीण.

खिडकीत टांगलेली पांढऱ्या कापडाची बाहुली म्हणजे ‘तेरू तेरू बोझू’. जपानात जून-जुलैत पावसाची झड लागते. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी मुले तिच्यापाशी उघाडीची याचना करतात. आपल्या माण-खटाव, जत-आटपाडीच्या अवर्षणी मुलखात पाऊस मागावयाचा, तो कडुनिंबाचा पाला नेसलेल्या धोंडीवर पाणी ओतून. गरज उलट, मन एकच.

चंद्रावरचा ससा तर ओळखीचाच. अतिथीसाठी अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर जपानात पोहोचली. तिथला ससा उखळात भात कुटून ‘मोची’ करतो. इथला ‘शशांक’ या नावात वसतो.

तेव्हा परक्याच्या चालीचे हसू आले, तर मुलांनी आधी आजीस विचारावे. मात्र आजीजवळचा हा ठेवाच आपण हरवून बसलो, तर परक्याचे मर्म कोणत्या खुणेने ओळखणार?